तुरीच्या डाळीएवढा गंज : वॅगन आरच्या बॉनेटवरचे सात आठवडे

गाडी २०११ची वॅगन आर, रंग सिल्की सिल्व्हर. मुक्काम रत्नागिरी, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. गाडी सासऱ्यांची, म्हणजे आबांची; चालवते मी. कंप्रेसर नाही, गॅरेज नाही. अंगणात जांभ्याची फरशी आणि डोक्यावर आंब्याची फांदी. एवढ्या सामानात काय जमतं आणि काय जमत नाही, ते त्या त्या दिवशी वहीत लिहीत गेले. वाक्यं थोडी नीट केली आहेत, चुका तशाच ठेवल्या आहेत.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

पूजेसाठी सकाळी गाडी धुवायला काढली. बॉनेटच्या पुढच्या कडेवरून स्पंज फिरवताना तो कशाला तरी अडकला. बघितलं तर तुरीच्या डाळीएवढा फुगवटा, आणि त्याच्या खालून निघालेला तपकिरी ओघळ पार ग्रिलपर्यंत.

ही जागा माझ्या ओळखीची आहे. २०२२ साली हातखंब्याच्या अलीकडे खडीच्या डंपरमागे होते, तेव्हा टपकन आवाज आला होता. घरी येऊन पाहिलं तर टिकलीएवढा रंग उडालेला आणि आत पत्रा चकचकीत. त्या दिवशीच काही केलं असतं तर ही वही लिहावी लागली नसती. मी दोन आठवड्यांनी टचअपचं पेन आणलं. तोवर पत्रा तांबूस झाला होता. त्यावरच दोन थेंब सोडले आणि काम झालं असं समजले. म्हणजे गंज, खारट ओल आणि हवा आत ठेवून वरून झाकण लावलं. दोन पावसाळे तो आतल्या आत पसरत होता.

नख लावून बघितलं तर पापुद्रा टचकन उडाला. आबा मागेच उभे होते. म्हणाले, "सूनबाई, दसऱ्याच्या दिवशी तरी गाडीला नख लावू नकोस." बरोबरच होतं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार नेमका त्या जागेवर येईल असा बांधला आणि आम्ही सोनं वाटायला बाहेर पडलो.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज फक्त पाहणी. हार काढून गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. तीन जागा सापडल्या.

पहिली बॉनेटची. दुसरी ड्रायव्हरच्या दारावर, नुसता टवका, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) शाबूत, गंज नाही. तिसरी डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीची कड. बाहेरून तिथे दोनच फोड दिसत होते. खाली वाकून कडेच्या आत बोट घातलं तर मूठभर लाल माती निघाली, ऑक्टोबरात, तीही ओली. म्हणजे चार महिने तिथे ओला पोतेरा ठेवल्यासारखंच होतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं आणि ते आरपार गेलं.

आमच्या आळीच्या टोकाला एक पेंटर चाचा आहेत, चाळीस वर्षं गाड्या रंगवतात. त्यांना दाखवायला गेले. कमानीकडे बघून म्हणाले, "हा पत्रा सडलाय बेटा. कापून नवा तुकडा जोडायला लागेल. ह्यात तू पडू नको." बॉनेटचं विचारलं तर म्हणाले, पूर्ण बॉनेट रंगवीन, साडेतीन हजार. मला हवा होता तेवढाच तुकडा. त्यावर ते हसले. "सिल्व्हरचा ठिगळ लपत नाही. पांढरी गाडी असती तर तुला मीच सांगितलं असतं, कर घरी." हे वाक्य वहीत अधोरेखित केलं आहे. तेव्हा ऐकलं नाही.

ठरलं असं: कमान चाचांकडे (१,८०० रुपये), बॉनेट माझ्याकडे. माझा नियम साधा आहे. टोकदार वस्तू टेकवल्यावर पत्रा दबला किंवा फाटला तर घरचं काम संपलं. पत्रा घट्ट असेल आणि गंज वरवरचा असेल, तर हात घालायला हरकत नाही.

१४ ते १८ ऑक्टोबर

रोज संध्याकाळी ढग, दोनदा गडगडाटासह पाऊस. सामान गोळा केलं.

आधी रंगाचा कोड. बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर कंपनीची पाटी असते, माझ्या गाडीत तिच्यावरच कोड आहे: झेड२एस. नुसतं "सिल्व्हर द्या" म्हणून रंग आणू नका, सिल्व्हरच्या किती तरी छटा आहेत. कोडप्रमाणे मिसळून स्प्रेच्या डब्यात भरून देणारं दुकान कोल्हापुरात मिळालं. भाचा तिथे शिकतो, तो दिवाळीला येताना आणेल. ७६० रुपये.

गावातून आणलेलं: पॉलिश पेपर ८० नंबरपासून (खरखरीत) २०००पर्यंत (अगदी बारीक), आठ नग, १६० रुपये. गंजावर लावायचं फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध, ३४०. थिनर अर्धा लिटर, ११०. मास्किंग टेप दोन, ९०. हातमोजे आणि मास्क, १५०. प्रायमर मागितला तर हार्डवेअरवाल्याने लाल ऑक्साइडचा डबा पुढे केला. तो खिडकीच्या गजांना आणि फाटकाला ब्रशने लावायचा. जाड बसतो, आणि त्यावर गाडीचा पातळ लॅकर मारला तर सुरकुत्या पडण्याची भीती. घरी येऊन डब्यामागचं वाचल्यावर हे लक्षात आलं, दुसऱ्या दिवशी परत केला. त्याऐवजी गाडीच्या रंगांच्या दुकानातून करड्या प्रायमरचा स्प्रे, २९०.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी नऊ ते साडेबारा, घासकाम.

आधी साबणाने धुतलं, मग नुसत्या पाण्याने, मग पुन्हा नुसत्या पाण्याने. हा तिसरा हात आमच्याकडे महत्त्वाचा. हवेतून बसलेलं मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण धुतल्याशिवाय घासलं तर ते कागदाबरोबर पत्र्याच्या खड्ड्यांत दाबलं जातं.

८० नंबरचा कागद बोटाएवढा दुमडला आणि सुरुवात केली. डाळीएवढा फुगवटा पाच मिनिटांत रुपयाएवढा झाला. मग लिंबाच्या चकतीएवढा. रंगाखालून गंज वाळवीसारखा चालतो, बारीक बारीक वाटा काढत. जिथे रंग अजून चकचकीत दिसत होता, तिथेही कागद फिरवला की पापुद्रा उठायचा. एका वाटेचा माग काढत गेले ती बॉनेटच्या दुमडीपर्यंत, म्हणजे पत्रा कडेला आत वळतो तिथपर्यंत पोचली. अखेर सगळ्या बाजूंनी पक्का रंग लागला तेव्हा उघडी जागा चार सेंटिमीटर झाली होती.

पत्रा चमकायला लागला म्हणजे गंज गेला असं नाही. उन्हात वाकून बघितलं तर चमकत्या पत्र्यात मोहरीएवढे काळे ठिपके. ते खड्डे, आणि त्यांच्या तळाशी गंज. कागद तिथे पोचत नाही. मुलाच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि एकेक ठिपका खरवडला. यातच तासभर गेला. मुलगा तेव्हापासून कर्कटक शोधतोय.

मग १८०, ३२०, ४००ने भोवतालच्या कडा उतरत्या केल्या, बोट फिरवताना पायरी लागू नये म्हणून. नीट उतरल्या की रंगाचे थर एकाबाहेर एक कडी करून दिसतात: क्लिअर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर), सिल्व्हर, करडा प्रायमर, त्याखाली कारखान्यातला पहिला गडद थर आणि मधे पत्रा. हे सगळे थर मिळून मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा भाग. गाडी आणि समुद्राची हवा यांच्यामध्ये एवढंच असतं.

चूक: भोवती टेप न लावताच ८० नंबर घेतला. हात दोनदा घसरला आणि चांगल्या रंगावर वीतभर ओरखडे आले. काम त्या क्षणी दुप्पट झालं.

पाच वाजता ढग भरून आले. उघड्या पत्र्यावर प्लास्टिकचा कागद टाकला, चारी बाजूंनी टेपने बंद केला आणि निवांत झोपले.

२० ऑक्टोबर, रविवार

प्लास्टिक काढलं. आतल्या बाजूने दव धरलेलं, आणि काल आरशासारखा केलेला पत्रा भगवा. एका रात्रीत. पाऊस आत गेला नव्हता, प्लास्टिकला घाम फुटला होता.

पुन्हा घासायला दीड तास. यातून एकच धडा: समुद्राजवळ राहत असाल तर उघडा पत्रा ठेवून झोपू नका. घासायला घेतलंत तर त्याच दिवशी प्रायमर चढलाच पाहिजे, नाहीतर त्या दिवशी घासूच नका.

अकरा वाजता गंजाचं औषध. कान साफ करायच्या काडीने फक्त खड्ड्यांत सोडलं. यातलं ॲसिड गंजाशी मिळून काळपट, टिकाऊ थर करतं. जिथे गंज नाही तिथे त्याचा उपयोग नाही, नुसती पांढरट भुकटी राहते. एक ओघळ खाली बंपरवर गेला. तिकडे लक्ष जाईपर्यंत डाग पडला. तो अजून आहे. खाली ओला फडका बांधला असता तर वाचला असता.

बाटलीवर लिहिलं होतं, अर्ध्या तासाने पाण्याने धुवा. आत्ताच पाण्याने काय होतं ते बघितलं होतं, त्यामुळे उघड्या पत्र्यावर पुन्हा पाणी घालायला मन होईना. कोरड्या फडक्याने पुसलं. संध्याकाळच्या आत प्रायमरचे तीन हात मारले. करडा, एकसारखा, देखणा. स्वतःवर भलतीच खूश होते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

प्रायमरला सहा दिवस झाले. ४००ने हलका हात मारायला गेले तर कागदाला चिकट गोळ्या लागायला लागल्या. मधोमध टाचणीच्या डोक्याएवढे फोड. नख लावलं आणि प्रायमर दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलून आला.

बाटलीवरचं वाक्य आठवलं. न धुतलेलं ॲसिड पत्र्यावर तसंच होतं, त्यावर प्रायमर धरणार कसा? चाचांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, पाण्याला घाबरायचं नसतं, पाणी राहू द्यायला घाबरायचं.

आठवडा गेला. प्रायमरचा अर्धा डबा गेला.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी दहापासून सगळं नव्याने, या वेळी घड्याळ लावून.

१०:००, टेप लावून प्रायमर उतरवला, पत्रा पुन्हा उघडा. १०:५०, औषध, खाली ओला फडका. ११:२०, मगभर पाण्याने धुतलं, लगेच फडक्याने टिपलं, लगेच केस वाळवायचं मशीन. ओट्यावरून एक्स्टेन्शनची वायर ओढली होती. पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत वारा दिला, दुमडीत जास्त, कारण पाणी तिथेच दडून बसतं. ११:४०, थिनरने पुसलं, एकदा एका फडक्याने, मग दुसऱ्या स्वच्छ फडक्याने. त्यानंतर जागेला बोट लावलं नाही. ११:५०, प्रायमरचा पहिला हात.

डबा दोन मिनिटं हलवायचा, वीतभर अंतरावरून, हात सरळ रेषेत चालता ठेवून मारायचा, कडेला पोचण्याआधी सुरू आणि कडेपलीकडे बंद. दर हातामध्ये दहा-बारा मिनिटं. चार पातळ हात. एकदम जाड मारला की ओघळ धरतो, वरून सुकतो आणि आतून कच्चा राहतो.

बॉनेट उघडून दुमडीच्या आतल्या बाजूलाही प्रायमर मारला. हे गेल्या आठवड्यात विसरले होते. गंजाची वाट दुमडीपर्यंत गेली होती, तेव्हा आतून उघडं ठेवून बाहेर कितीही रंगवलं तरी दोन वर्षांनी मी तिथेच उभी असते.

१ ते ३ नोव्हेंबर

दिवाळी. काम नाही. प्रायमरची करडी टिकली घेऊन गाडी सगळीकडे फिरली, दर पाहुण्याने विचारलं. भाऊबीजेला भाचा रंगाचा डबा घेऊन आला. प्रायमर रोज नखाने तपासला, पक्का आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

डोळे मिटून बोट फिरवलं. जे डोळ्यांना सपाट दिसतं ते बोटाला लागतं: दोन खड्डे, आणि वरच्या बाजूला एक पायरी. तयार पुट्टी आणली (चाचांच्या भाषेत लांबी, ९५ रुपये) आणि जुन्या एटीएम कार्डाने साय धरावी तेवढी पातळ ओढली. ही ट्यूबमधली पुट्टी सुकताना आकसते, म्हणून खड्डा एकदम भरायचा नाही. एक हात, तासभर सुकू दे, दुसरा हात. खड्डे खोल असते तर हार्डनर (थर कडक करणारं रसायन) मिसळायची लांबी लागली असती.

घासताना कागद खोडरबराला गुंडाळला. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा उठतात. ४०० सुका, वर प्रायमरचे दोन हात, मग ६०० पाण्यात भिजवून. आता बोटाला काही लागत नाही. इतकं सोपं गेलं की शंका यायला लागली.

१० नोव्हेंबर, रविवार

शंका खरी ठरली. आज तीन गोष्टी बिघडल्या, तिन्ही लिहिते.

पहिली, टेप. जागेभोवती टेप चौकटीसारखा सरळ चिकटवला होता. पहिल्या हातानंतर टेपच्या कडेला रंगाचा बांध तयार झाला. तो ६००ने उतरवला. मग टेपची कड आतल्या बाजूने गोल वळवून उचललेली ठेवली, त्यामुळे फवारा तिच्याखाली विरत जातो आणि रेघ पडत नाही. त्याहून चांगलं म्हणजे टेप वीतभर लांब लावणं.

दुसरी, सिल्व्हर. सकाळी बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर मारून बघितलं होतं, गाडीशी जवळपास जुळलं. बॉनेटवर पहिले दोन हात छान. तिसरा जरा ओला पडला आणि मधे ढग आल्यासारखा काळवंडला. सिल्व्हर म्हणजे ॲल्युमिनियमचे बारीक कण. रंग ओला पडला की ते कण खाली बुडतात आणि जागा गडद दिसते. कोरडा पडला की वर राहतात आणि उजळ दिसते. म्हणजे डबा तोच, कोड तोच, आणि छटा ठरवणार माझा हात. शेवटचा हात दीड वीत अंतरावरून, धुरळा बसावा तसा हलका मारला. ढग बराच विरला, पूर्ण नाही. त्यात गाडी तेरा वर्षं उन्हात उभी, तिचा सिल्व्हर आता कोडातला सिल्व्हर राहिलेला नाही. चाचांचं अधोरेखित वाक्य पुन्हा वाचलं.

तिसरी सगळ्यात महाग. या भानगडीत साडेचार वाजले. समुद्राकडून वारा सुरू झाला होता. रंग सुकला होता, वाटलं, आता क्लिअर मारून टाकू, मोकळे होऊ. (क्लिअरचा डबा ३६० रुपये.) दोन हात मारले. पाच मिनिटांत सगळी जागा दुधाळ. काचेवर वाफ धरावी तशी, पण पुसता न येणारी.

चाचा संध्याकाळी नमाजाहून येताना थांबले. बघितलं आणि म्हणाले, "मच्छी सुकवायला पण दुपारचं ऊन लागतं. तू क्लिअर संध्याकाळी मारतेस?" त्यातलं थिनर भरभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या थरात उतरतं. पावसाळ्यात ते स्वतः याच कारणाने कामं परत पाठवतात. मी हार्डनरवाल्या क्लिअरचं विचारलं, तो कडक आणि पेट्रोलनेही न विरघळणारा असतो म्हणून. ते एकदम गंभीर झाले. त्या हार्डनरच्या वाफा छातीत बसतात, साधा मास्क चालत नाही, घराच्या अंगणात पोरंबाळं असताना तर मुळीच नाही. तो विषय तिथेच संपला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुधाळ थर १००० नंबरने पाण्यात भिजवून उतरवला. हळू हळू म्हणता म्हणता एका जागी सिल्व्हर लागला. लक्षात येतं ते असं: कागदातून निघणारं पाणी पांढरं असेल तर क्लिअर निघतोय, करडं झालं की थांबा. मी थांबले तेव्हा उशीर झाला होता. तेवढ्या जागेवर पुन्हा सिल्व्हरचा धुरळा.

क्लिअरचा दुसरा डबा, आणखी ३६० रुपये. या वेळी दुपारी बारा वाजता, कडक ऊन, पण गाडी सावलीत आणि बॉनेट तापलेलं नाही. अंगणात आधी पाणी शिंपडलं, म्हणजे लाल धूळ उडणार नाही. पण गाडीपासून लांब, गेल्या आठवड्याची ओल आठवत. तीन हात, मधे पंधरा मिनिटं. दुधाळपणा नाही. काचेसारखा.

तिसरा हात ओला असतानाच एक चिलट येऊन बसलं. काढायला हात पुढे गेला, मागे घेतला. सुकल्यावर कागदाने निघतं. ओल्यात बोट घातलं की चिलटाच्या जागी बोटाचा ठसा राहतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले, शाई ओली असतानाच घासून चमक आणायच्या कंपाउंडचा डबा (१८० रुपये) उघडला. मग बॉनेटजवळ नाक नेलं. थिनरचा वास. चारच दिवस झालेत, थर आतून अजून मऊ आहे. आत्ता घासलं तर चमक येण्याऐवजी ओढल्यासारख्या रेघा येतील. डबा बंद केला. सात आठवड्यांत एवढंच एक काम मी वेळेवर थांबवलं.

मधल्या दिवसांत कमान चाचांकडून झाली. कापलेला तुकडा त्यांनी मला दाखवायला ठेवला होता. आतून पापडासारखा झालेला.

३० नोव्हेंबर, शनिवार

वास नाही, नख रुतत नाही. १५०० आणि २००० नंबर, दोन्ही साबणाच्या पाण्यात, जेमतेम दहा-दहा फेऱ्या. जागा मंद, पांढरट झाली की घाबरू नका, तशीच व्हायला हवी. मग कंपाउंड, जुन्या बनियनच्या तुकड्याने, गोल गोल, चाळीस मिनिटं. दसऱ्याच्या आठवड्यात आलेले ते ८० नंबरचे ओरखडेही निघाले, एक सोडून. चिलट गेलं, त्याचा एक पाय राहिला आहे.

दुमडीच्या आतून ग्रीसचा पातळ थर बोटाने लावला, प्रायमरवर. खाली पाणी निथळायची भोकं असतात ती मोकळी ठेवली, ग्रीसने बुजवली तर उलटंच व्हायचं.

निकाल: समोरून, चार पावलांवरून, माहीत नसेल तर दिसत नाही. उजव्या बाजूने तिरप्या उन्हात तळहाताएवढी सावली दिसते. मला तर झोपेतही दिसते.

हिशेब. कागद १६०, औषध ३४०, थिनर ११०, टेप ९०, हातमोजे-मास्क १५०, प्रायमर २९०, रंग ७६०, पुट्टी ९५, क्लिअर दोन डबे ७२०, कंपाउंड १८०. एकूण २,८९५. चाचांचे ३,५०० झाले असते, आणि पूर्ण बॉनेट एका रंगाचं मिळालं असतं. वाचले ६०५ रुपये. न धुतलेलं औषध आणि संध्याकाळचा क्लिअर या दोन चुका टळल्या असत्या, तर एक डबा आणि दोन आठवडे आणखी वाचले असते. हातात घालवलेले तास मोजले तर साधारण बावीस. पांढऱ्या किंवा कुठल्याही साध्या, कणांशिवायच्या रंगाची गाडी असेल तर मी पुन्हा घरीच करीन. सिल्व्हर असेल तर पत्रा घासून प्रायमरपर्यंत घरी आणि रंग चाचांकडे. त्यांना विचारलं, चालेल म्हणाले, पण प्रायमर कोणता मारलास ते आधी सांगायचं.

१५ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. तीन आठवडे गाडी भिजते आहे, तेव्हा आज उघडीप बघून भिंग घेऊन तपासली.

तपकिरी कुठेही नाही. दुमडीत बोट घातलं, ग्रीस जागेवर. जिथे जुना आणि नवा रंग मिळतो तिथे एक बारीक गोल रेघ उमटली आहे, केसाएवढी. ती पुट्टीची आहे, पुरेशी सुकू न देता वर रंग चढवल्याची. पाणी आत जात नाही तोवर तिला हात लावणार नाही. कमानीच्या आतून दर रविवारी पाइपने माती काढते.

आणि गेल्या मंगळवारी चिपळूणहून येताना पुन्हा टपकन आवाज. या वेळी बंपरच्या वर, जुन्या जागेपासून वीतभर डावीकडे. घरी पोचले तेव्हा साडेसात वाजले होते, पाऊस रिपरिप. छत्री आबांच्या हातात दिली, जागा धुतली, मशीनने वाळवली, थिनरने पुसली, आणि काडेपेटीच्या काडीने प्रायमरचा एक थेंब सोडला. रंग ऑक्टोबरात. आबा म्हणाले, "एवढी काय घाई होती, जेवून घेतलं असतंस."